सहदेव मिस्त्रीचा डावा हात

सहदेव मिस्त्रीच्या डाव्या हाताची दोन बोटं रामरावानं ऐरणीवर मोडली, ती १९६३ च्या मार्गशीर्षात, भर दुपारी, चिखलीच्या मेहकर रस्त्यावर. कापसाच्या गाड्या बाजाराकडं चालल्या होत्या. हातोडा एकदाच पडला. ओली काटकी मोडावी एवढाच आवाज झाला. सहदेव गुडघ्यांवर बसला आणि ऐरणीवरून ओघळणाऱ्या आपल्याच रक्ताकडं पाहत राहिला.

"आता उजवा," रामराव म्हणाला.

चार दिवसांपूर्वी रामरावाचा धाकटा भाऊ इंद्रभान एकटाच जीप घेऊन मलकापूरकडं निघाला होता. राजूरच्या घाटात, उतारावर, जीपची मागची चाकं एकाएकी जाम झाली. जीप आडवी घसरली, कठडा तोडून खाली गेली. गुराख्यांना इंद्रभान सापडला तेव्हा स्टिअरिंगचा दांडा त्याच्या छातीतून पाठीपर्यंत गेला होता. त्याला सोडवायला दांडा कापावा लागला.

ती जीप लष्कराच्या लिलावातली. चारही चाकांना जोर देणारी, म्हणून पावसाळ्यात काळ्या रानाच्या चिखलातूनही निघायची. तिचं तेल सहदेवाशिवाय कुणी बदललं नव्हतं. निदान गावाला तसंच ठाऊक होतं.

सहदेव हे काम ब्रह्मदेशच्या आघाडीवर, फौजेच्या वर्कशॉपात शिकला. तिथून येताना त्यानं एक पाना आणला आणि काही नियम. तेल गाडी फिरवून, गरम असतानाच काढायचं. आधी वरचं भरायचं बूच सैल करायचं, मगच खालचं. वरचं अडकलं आणि खालून सगळं तेल निघून गेलं, तर गाडी जागची हलणार नाही. गंधकाच्या उग्र वासाचं तेल मागच्या आसाला चालतं; गिअरबॉक्सात पितळ असतं, ते तेल पितळ खातं, म्हणून तिथं साधं नव्वद नंबर. काढलेलं तेल तो अंगठा आणि तर्जनीत चोळून उन्हात धरायचा. त्यात चमक दिसली की म्हणायचा, "आतलं दुखून राह्यलं."

सात वर्षांपूर्वी नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं आणखी एक नियम केला होता. कुणालाही, गावच्या जमीनदार रामरावालाही, 'मालक' म्हणायचं नाही. रामरावानं तो ध्यानात ठेवला होता.

आता ती जीप दोन बैलजोड्यांनी ओढत आणून त्याच्या पत्र्याच्या छपरासमोर टाकली होती. सोबत चार माणसं, आणि रामरावाचा ड्रायव्हर कारभारी. तो त्या दिवशी तापानं घरी होता, म्हणून जिवंत होता.

"तुह्या तेलानं माह्या भावाले खाल्लं," रामराव म्हणाला. "पोलिसात जाऊन काय करू? तो हातच ठेवत नाही."

दोघांनी सहदेवाचा उजवा हात धरला. आतून त्याची बायको रुख्मिणी धावत आली. एकानं तिला ढकललं. तिचं कपाळ चौकटीवर आपटलं आणि ती खाली बसली. सहदेवानं तिच्याकडं पाहिलं आणि मग रामरावाकडं.

"हात घ्या," तो म्हणाला. "पण आधी गिअरच्या डब्याचं बूच खोलू द्या. आतून माह्यं तेल निघालं, तं मी स्वतः ऐरणीवर ठेवतो."

"बाता मारून वेळ काढते बे हा," एक जण म्हणाला.

"तुले कोठं जायचं हाय?" सहदेव म्हणाला. "बस ना."

रामरावानं मान हलवली. हात सुटला.

सहदेव पाठीवर सरकत जीपखाली गेला. गिअरबॉक्सच्या मागं लोखंडी डबा असतो, त्यातून ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडं जाते. दोन्हींत तेल एकच खेळतं. मोडलेला हात त्यानं छातीवर ठेवला होता. उजव्या हातानं पाना लावताना त्याला दिसलं, बुचाचे कोने झिजले होते. त्याचा पाना कोने झिजवत नसे. कुणीतरी पकडीनं पिळलं होतं.

त्यानं घमेलं खाली सरकवलं आणि बूच काढलं. धार पडलीच नाही. काही वेळानं पिवळट, चिकट लोळा लोंबला, तार धरून घमेल्यात उतरला. त्याचा वास तिथल्या प्रत्येकाला ओळखीचा होता. प्रत्येकाच्या घरी बैलगाडीच्या आसाला तेच लावत.

"एरंडेल," कुणीतरी हळूच बोललं.

सगळ्यांच्या नजरा कारभारीकडं वळल्या.

रामरावानं त्याला काही विचारलं नाही. हातोड्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसला. कारभारी पडला, दुसरा फटका खांद्यावर, तिसरा बरगड्यांत. तो हात वर करत नव्हता. तोंडातून रक्त आणि एक दात मातीत पडला. तरी त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त दर फटक्याला "नाही मालक, नाही मालक" एवढंच.

सहदेव अजून जीपखालीच होता. वरचं बूच दिसावं म्हणून त्यानं डब्यावरचा वाळका चिखल अंगठ्यानं खरवडला. खाली हळद निघाली. तेलात मुरलेली हळद, पंज्याच्या आकाराची. मधलं बोट अर्धंच होतं.

रामरावाचं मधलं बोट जिनिंगच्या यंत्रात गेलं, त्याला दहा वर्षं झाली होती.

दसऱ्याला घरच्या प्रत्येक गाडीला जुनं वंगण पुसून नवं एरंडेल घालायचं, तेही घरधन्याच्याच हातानं, आणि वर हळदीचा पंजा. बैलगाड्या झाल्या, माणसं बसायचं हलकं खाचर झालं. मग जीपच का उपाशी ठेवायची? रामरावाच्या लेखी ती पूजा होती, तेल बदलणं नव्हे.

सहदेवाला गप्प बसता आलं असतं. त्याचा हात सुटला होता. बाहेर चौथा फटका पडला आणि कारभारी आता शब्दही उच्चारत नव्हता, नुसता कण्हत होता.

"रामराव," सहदेव खालून म्हणाला. "खाली वाका. इकडं पाहा."

रामराव वाकला. मग त्यानं हात लांब केला आणि त्या पिवळ्या पंज्यावर ठेवला. तो नेमका बसला.

उठला तेव्हा त्याच्या हातात हातोडा नव्हता. तो ऐरणीपाशी गेला, सहदेवाच्या रक्तावर त्यानं आपला उजवा पंजा पसरला.

"मार," तो म्हणाला.

सहदेव जीपखालून बाहेर आला आणि त्यानं हातोडा उचलला. चौघांपैकी कुणी पुढं झालं नाही. रुख्मिणी कपाळावर पदर दाबून पाहत होती. सहदेवानं हातोडा हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि पेटी लावली.

"कारभारीले दवाखान्यात न्या," तो म्हणाला. "मले बी."

ती दोन बोटं पुढं कधीच वळली नाहीत. सहदेव पाना उजव्या हातात धरी आणि डाव्याच्या मनगटानं रेटी. त्यानंतर छपराखाली आलेल्या प्रत्येक जीपला तो बंपरच्या मागं एक टीचभर पत्र्याची नळी डाग देऊन बसवायचा. खालून बंद, कुठंच न जाणारी. "दसऱ्याचं एरंडेल यात ओता," सांगायचा, "पंजा बी इथंच मारा." लोक हसायचे, पण ओतायचे.

रामरावानं सहा वर्षांनी ट्रॅक्टर घेतला. कारभारीच तो तेल बदलायला सहदेवाकडं घेऊन यायचा. समोरचे दात नव्हते, म्हणून बोलणं थोडं फुसफुसायचं. पहिल्याच खेपेला सहदेवानं पत्रा कापायला घेतला, तेव्हा कारभारीनं त्याचा हात धरला.

"आमच्याले नळी नको," तो म्हणाला. "आमच्या घरी दसऱ्याले आता कोणी हात नाही लावत."