सैकाल एजेची घुसळण आणि चाळीसपट वेगाचा संच

उलार ही प्रोग्रामिंगची भाषा किर्गिझस्तानातल्या बिश्केकमध्ये जन्मली आणि जगभरातली नऊशे माणसं ती वापरतात, असं तुरात सांगतो. तो कंपनीचा प्रमुख असल्यामुळे आकडे सांगणं हेच त्याचं काम. त्या भाषेच्या लायब्ररीतला संच नावाचा भाग गेली नऊ वर्षं सैकाल सांभाळते.

संच ही तशी साधी गोष्ट. त्यात वस्तू टाकत जायच्या. एकच वस्तू दोनदा टाकली तरी ती एकदाच राहते. मग विचारायचं, "अमुक आहे का?" संचाने हो किंवा नाही म्हणायचं, आणि लवकर म्हणायचं. या एका 'लवकर'साठी माणूस नऊ वर्षं देऊ शकतो, हे सैकालच्या आईला कधीच पटलं नाही. "दिवसभर हो-नाही करून इतकी कशी गं दमतेस?" असं ती विचारायची.

सैकाल बावन्न वर्षांची. आकडे पेन्सिलीने चौकटीच्या वहीत लिहिणारी, आणि दुसऱ्याचा कोड वाचताना ओठ हलवणारी. ऑफिसातले सगळे तिला एजे, म्हणजे ताई म्हणत आणि थोडे घाबरत. सहा वर्षांपूर्वी तिने संच तिप्पट वेगवान केला होता. वस्तू कप्प्यांत नीट पसराव्यात म्हणून प्रत्येक वस्तूचा क्रमांक तीनदा घुसळायचा, ही तिची युक्ती. कंपनीने तिच्या खांद्यावर नक्षीचा चापान, म्हणजे मानाचा झगा, पांघरला आणि युक्तीला 'सैकालची घुसळण' असं नाव दिलं. जिवंतपणी अशी अमर होणारी माणसं त्या इमारतीत फार नव्हती.

यंदा ऑफिसातलाच अझरेत पुढे आला. वय अठ्ठावीस. त्याने संचाचे कप्पे नव्या पद्धतीने मांडले आणि मोजणी केली तर वेग चाळीसपट. तुरातने गुरुवारची मेजवानी ठरवून टाकली. राहिली होती फक्त सैकालची मंजुरी. तिच्याशिवाय संचात एक स्वल्पविरामही बदलत नसे.

"एजे, मंजुरी देऊन टाका ना," तुरात म्हणाला. "मेंढा सांगून झालाय."

"मेंढ्याने वाचलाय का कोड?"

"चाळीसपट आहे एजे! तीसपट धरा वाटल्यास."

सैकालने मोजणीची फाइल उघडली. तीत संचाला एक कोटी वेळा "आहे का?" असं विचारलं होतं.

"अझरेत, उत्तरांचं काय केलंस?"

"काहीच नाही. उत्तर कुठे हवं होतं? किती वेळ लागतो तेवढं हवं होतं."

"आणि ते कंपायलरच्या लक्षात आलं."

कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, फार व्यवहारी असतो. उत्तर कोणालाच नको आहे असं दिसलं की तो प्रश्नच गाळून टाकतो. अझरेतचा संच चाळीसपट वेगाने स्वस्थ बसून होता.

"किती वेळा 'हो' आलं ते मोज आणि शेवटी छाप. एकच ओळ लागेल."

ओळ घातली. नवा संच जुन्यापेक्षा दोन टक्के हळू निघाला.

"दोन टक्के म्हणजे जवळपास तेवढाच," तुरात म्हणाला आणि मेंढा रद्द होतो का ते मेंढेवाल्याला फोनवर विचारायला बाहेर गेला.

अझरेतचे कान लाल झाले होते. "एजे, तुमची ती तिप्पटवाली मोजणी दाखवा ना," तो जरा जास्तच नम्रपणे म्हणाला. "शिकायला मिळेल."

सैकालने ती मोठ्या ऐटीत उघडली. चौथ्या ओळीवर तिचे ओठ हलायचे थांबले. तिथेही उत्तर कोणी छापत नव्हतं.

अझरेत टेबलाच्या पलीकडे होता, त्याला स्क्रीन दिसत नव्हता. फाइल सापडत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाव राहिलं असतं, नऊ वर्षांचा दराराही राहिला असता. चहावर साय धरेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

"इकडे ये," ती म्हणाली. "चौथी ओळ मोठ्याने वाच."

त्याने वाचली. आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

ओळ घालून पुन्हा मोजलं. घुसळणीमुळे संच अकरा टक्के हळू झाला होता. सहा वर्षं नऊशे माणसांच्या वस्तू तीन-तीनदा घुसळून निघत होत्या, आणि लोणी काही निघत नव्हतं.

तुरात परत आला. "हे कोणाकोणाला कळलंय?"

"आता तिघांना."

"मग तिघांतच राहू दे. कोणी तक्रार केलीय का?"

"कशी करतील? माझ्यामुळे सगळं तिप्पट पळतंय असं वाटतंय त्यांना."

सैकालने घुसळणीच्या चौदा ओळी काढल्या आणि खाली लिहिलं: 'ही सुधारणा माझी. मोजणी चुकली होती. काढून टाकत आहे.' पण स्वतःच्या बदलाला स्वतः मंजुरी देता येत नाही.

"अझरेत, तू तपास."

"मी? तुमचं?"

"माझंच. आणि दया दाखवू नकोस."

त्याने दया दाखवली नाही. दोन तास लावले, तीन यंत्रांवर मोजलं, दर वेळी उत्तर छापलं, तिच्या टिपेतली एक चूक काढली आणि मगच मंजुरी दिली.

मेंढेवाला मेंढा परत घ्यायला तयार झाला नाही, त्यामुळे गुरुवारी मेजवानी झालीच. तुरात उभा राहिला. "मित्रहो, यंदा संच अकरा टक्के वेगवान झाला!" टाळ्या पडल्या. यात खोटं काहीच नव्हतं. तो बसायच्या आत सैकाल उठली आणि वेग कसा वाढला, तेही तिने सांगितलं. चौथी ओळ, सहा वर्षं, सगळं. मांडी घालून बसलेल्या पन्नास माणसांत कोणी हाडही चोखेना.

मग मजकुराचा भाग सांभाळणारी गुलसारा हळूच म्हणाली, "एजे, सोमवारी आमच्याकडे याल? आमची मोजणीसुद्धा... तशीच आहे बहुतेक."

"आमच्याकडे मंगळवारी," यादीचा भाग सांभाळणारा म्हणाला.

जेवण उरकेपर्यंत अशी सात बोलावणी जमली. सैकालने ती वहीत लिहून घेतली आणि सोबत अझरेतचंही नाव घातलं. कंपनीच्या यंदाच्या माहितीपत्रकात कुठलाही आकडा छापायचा नाही, असं तुरातने जाहीर केलं. कंपनी आता आकड्यांपेक्षा मूल्यांना महत्त्व देते, असं त्याने सांगितलं.