बारा माणसांची लावणी

बहीण गेली त्याला महिना होतो. सुतक फिटलं, भेटायला येणारी माणसंही थांबली, आणि माझ्या डोक्यात मात्र तिच्या चौथीच्या परीक्षेतला एक हिशेब अडकून बसला आहे. इतक्या वर्षांनी त्याचा राग यावा, हे मलाच पटत नाही. पण येतो.

तेव्हा मी कार्ल्याजवळच्या आमच्याच गावात मास्तर होतो. देवळाच्या ओसरीत चार इयत्ता भरत. बहीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान, चौथीत, माझ्याच हाताखाली. वर्षातून एकदा, माघात, शाळा तपासणारे सरकारी दिपोटी साहेब टांग्यातून यायचे आणि एका दुपारात साऱ्या शाळेची वर्षभराची अक्कल मोजून जायचे. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना प्रश्न तेच, एकाच छापील कागदावरचे. वाचन कितीही चांगलं असो, हिशेबात नापास म्हणजे इयत्तेतच नापास.

वडिलांनी त्या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, "पास झाली तर लोणावळ्याला मावशीकडं ठिऊ, पुढं शिकंल. न्हाई झाली तर औंदाच उजवून टाकू."

मला काळजी नव्हती. तिची पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ होती. कागदावरचा प्रश्नही आधी तपासलेल्या शाळांकडून मला कळला होता: आठ माणसं एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर बारा माणसं किती दिवसांत बांधतील? असे पन्नास हिशेब मी तिच्याकडून करून घेतले होते.

पण साहेब त्या दिवशी खुशीत होते. शेतकऱ्याची पोर बघून त्यांना वाटलं, भिंत कशाला, शेतातलंच विचारावं.

"मुली, आठ माणसं भाताची लावणी सहा दिवसांत करतात. बारा माणसं आली तर किती दिवस लागतील?"

ती क्षणभरही थांबली नाही. "एकच दिस, साहेब."

"नीट विचार कर."

"एकच. बारा आली म्हंजी इर्जिक झाली की."

पोरं हसली. साहेब माझ्याकडे वळले. "हे असं शिकवता का, मास्तर?"

सांगायला दोन वाक्यं पुरेशी होती. आमच्याकडे इर्जिकीला गावातली माणसं एकाच्या खाचरात उतरतात, आणि लावणी त्याच दिवशी उरकूनच वर येतात. साहेब, भिंतीचा हिशेब विचारून बघा. पण त्यांच्या हातात माझ्या कामाचं शेराबुक होतं. मी म्हणालो, "नाही, साहेब." त्यांनी तिच्या नावापुढे फुली मारली.

वर घरी जाताना मी तिलाच फैलावर घेतलं. "चार! चार दिवस! एवढं साधं त्रैराशिक!"

"चार कशानं, दादा?" ती रडत नव्हती, खरंच विचारत होती. "इर्जिकीत दुसरा दिस कुटं असतो?"

वैशाखात तिचं लग्न झालं. इंदुरीला दिली. पुढे पंचवीस वर्षं मी पोरांकडून तोच हिशेब करून घेतला, चार उत्तर आलं की शाबासकी दिली, आणि दर माघात आपलं शेराबुक साहेबांपुढे ठेवलं. चांगले शेरे आहेत त्यात. आता ते कुणाला दाखवू?

गेल्या आठवड्यात इंदुरीला गेलो. मेहुण्यांच्या अंगात बळ नव्हतं, खाचरं तशीच पडलेली, म्हणून गावाने इर्जिक घातली. मी बांधावर बसून माणसं मोजायला लागलो. सवय. किती माणसं, किती खाचरं, किती दिवस. बाराच्या पुढे गेलो आणि स्वतःचाच वैताग येऊन मोजणं सोडून दिलं.

चिखलातून एक म्हातारी ओरडली, "ओ मास्तर, बांधावर बसून लावणी व्हत न्हाई! तुमची बहीण असती तर कवाच उतरली असती. मुठी तरी फेका!"

धोतर खोचून मी उतरलो. रोपांच्या मुठी फेकत राहिलो. निम्म्या भलतीकडेच पडत होत्या, आणि बाया त्यावर मनमुराद हसत होत्या.

दिवस मावळायच्या आत सगळी खाचरं लावून झाली. उद्यासाठी काही उरलं नाही.