शांतवन सरांची काट

शांतवन सरांना पहिल्यांदा भेटले तेव्हा मी माझं नाव, कॉलेज, विषय, सासर, माहेर आणि येण्याचा हेतू असं सगळं एका दमात सांगून टाकलं होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, यातलं नाव तेवढं राहू द्या. बाकीचं हळूहळू कळंलच." मला चांगलाच राग आला होता. तरी आठ दिवसांनी मी त्यांच्या वर्गात मदतीला जाऊ लागले आणि पुढची सहा वर्षं जात राहिले.

श्रीरामपुरात रेल्वे लाइनीच्या पलीकडं त्यांचं घर. मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत बारावीच्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. पुण्या-मुंबईच्या काही कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेत हल्ली लिहायलाही लावतात. दीड पानाचा उतारा देऊन तो निम्म्यात बसवा म्हणतात, नाहीतर स्वतःविषयी दोनशे शब्द मागतात. आमची मुलं बोर्डाच्या पेपराला पुरवण्या जोडून जोडून मार्क मिळवलेली. लिहायचं म्हणजे पान भरायचं, एवढंच त्यांना ठाऊक. सर त्यांना कमी करायला शिकवत. वहीत शुद्ध मराठी हवी असायची, बोलताना मात्र ते स्वतः गावाकडचंच बोलत. "वही परीक्षकाची हाय, तोंड माजं हाय," म्हणायचे.

त्यांची पद्धत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. एकाचा निबंध दुसऱ्यानं उभं राहून मोठ्यानं वाचायचा. सर पेन्सिलीनं काट मारत जायचे आणि काटलेलं वगळून पुन्हा वाचायला लावायचे. ऐकताना काही तुटल्यासारखं वाटलं तर वर्गातल्या कुणीही "दुखलं" म्हणायचं. तेवढं मग परत यायचं. कुणीच बोललं नाही तर ते गेलं. ज्यानं लिहिलंय त्यानं मात्र तोंड उघडायचं नाही, हा कडक नेम. "लिहिनाऱ्याला सगळंच दुखतं. त्याला इचारून काय उपेग?" पोरं खदखदून हसायची. दोन महिन्यांत मात्र त्यांचे निबंध असे सडपातळ व्हायचे की वाचून माझाच ऊर भरून यायचा.

घरीही त्यांची काट थांबत नसे. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी चार ओळींत बसवली तेव्हा सगळे भावकीतले रुसले होते, कारण एकाचंही नाव तिच्यात नव्हतं. त्यांच्या पत्नी, सुवार्ताकाकू, मला म्हणायच्या, "चर्चमधी पास्टर लांब प्रार्थना करायला लागले की हे डोळे मिटून हसत्यात. मला म्हाईत हाय, आत काट मारायचं काम चालू आसतं."

शीतल आमच्या वर्गात आली ती पाथर्डीकडची. आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, म्हणून ती इथं मावशीकडं राहून शिकलेली. तिला शिक्षिका व्हायचं होतं. पुण्याच्या एका कॉलेजात बारावीनंतर चार वर्षं राहून शिकायची सोय होती आणि त्याच परीक्षेची ती तयारी करत होती. बोलायची फार कमी. बसायची माझ्या शेजारी, भिंतीकडेला.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना तिचा निबंध वाचायला निघाला. सुरेख लिहिला होता, फक्त पंधरा-सोळा शब्द जास्त होते. शेवटाकडं एक वाक्य होतं: 'निकाल लागेल तेव्हा मी इथे असेन की नाही माहीत नाही; घरात सगळं मला न विचारता ठरतं.' सरांनी पेन्सिल तिथंच टेकवली. "रडगानं नको. परीक्षकाला तुजं घर न्हाई, तुजं डोकं बघायचंय." आणि काट मारली. मुलांना दया येईल असं काहीतरी शेवटी घुसडायची सवय असते, ती मोडण्यात सरांनी हयात घालवली होती. हे वाक्यही त्यांना त्यातलंच वाटलं. वाक्य वगळून निबंध पुन्हा वाचला गेला. कुणीही "दुखलं" म्हणालं नाही.

शीतलनं हात अर्धा वर उचलला होता. तिनं सरांकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. आणि मी काय केलं, तर हसून तोंडावर बोट ठेवलं. नेम म्हणजे नेम. तिनं हात खाली घेतला. सर म्हणाले, "आता कसं, एक शब्द इकडचा तिकडं करायला नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात मीही होते.

निकालात तिचं नाव पहिल्या दहांत होतं. सर त्या दिवशी नवा शर्ट घालून तिच्या मावशीकडं गेले. मावशी दारातच म्हणाली, "तिचं लगीन झालं की सर. पंधरा दिस झालं. तोडीला जोडी लागती, नवऱ्याकडच्यांना घाई हुती." आमच्याकडं तोडीला नवराबायकोची जोडी धरतात, त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. कोयता पुरा करायला दिवाळीच्या आत पोरींची लग्नं उरकतात. हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. सरांना ठाऊक होतं, मलाही होतं. तरी ते वाक्य आम्ही शब्द मोजत ऐकलं.

घरी येऊन त्यांनी तिचा निबंध काढला आणि काट मारलेल्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. "मॅडम, हिनं आपल्याला सांगितलं हुतं. समद्या वर्गाला सांगितलं हुतं. आन् लिहिनारीनं बोलायचं न्हाई, हा नेम कुनाचा? माजाच." तिनं माझ्याकडं पाहिलं होतं, हे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही. पुढंही कधी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर सत्तरीचा हा माणूस एस.टी.नं निघाला. पत्ता विचारत विचारत दोन दिवसांनी कारखान्याजवळच्या एका फडात त्यांनी तिला गाठलं. ती मोळ्या बांधत होती. तिनं त्यांना उसाच्या छाटून टाकलेल्या शेंड्यांवर, वाढ्यांवर बसवलं, पाणी दिलं. सर म्हणाले, "मला समजलं न्हाई, बाळ." ती म्हणाली, "लिहिलं हुतं सर मी." तेवढंच. तिनं एका शब्दानं त्यांना दोष दिला नाही. आपला नंबर कागदावर लिहून ठेवून ते परत आले, आणि मला हे सांगताना पहिल्यांदाच त्यांना वाक्य पुरं करता येईना.

त्यानंतर सरांची काट गेली. कुणाच्याही वाक्याला हात लावण्याआधी ते विचारायचे, "हे का लिहिलंस?" पोर सांगू लागलं की तास संपेपर्यंत ऐकत बसायचे. मुलं कंटाळली, पालक कुजबुजले, निम्मा वर्ग दुसऱ्या क्लासला गेला. सरांनी कुणाला थांबवलं नाही.

शीतलचा एकदा मिस्ड कॉल आला आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी सर तिला फोन करू लागले. पुन्हा फॉर्म भर, म्हणायचे. ती "बघू" म्हणायची. मग म्हणायचे, "थोडक्यात नको. समदं सांग. काय जेवलीस, किती मोळ्या बांधल्या, कोन काय बोललं." तासभर फोन कानाला. सुवार्ताकाकू पदराला हात पुसत बघत राहायच्या. "चाळीस वर्सांत माजं एक वाक्य पुरं ऐकलं न्हाई या मानसानं," म्हणायच्या, आणि त्यांचेच डोळे भरायचे.

गेल्या थंडीत एका शुक्रवारी सकाळी सर अंघोळीला उठले आणि न्हाणीतच कोसळून गेले. कळवाकळवीसाठी काकूंनी त्यांचा मोबाईल माझ्याकडं दिला होता. रविवारी दुपारी तो वाजला. नाव शीतलचं होतं.

"सर, आज फोन न्हाई आला तुमचा."

मी सांगितलं. ती रडली नाही, नुसतं "कवा?" विचारलं. तेही सांगितलं. मग म्हणाली, "तुमी त्या मॅडम ना? माज्या शेजारी बसायच्या त्या?"

"हो."

"त्या दिवशी मी तुमच्याकडं बघितलं हुतं. तुमाला काय वाटलं तवा?"

सगळ्याच मुलांना आपलं लिहिलेलं काटताना दुखतं, तसंच तुझंही वाटलं, असं उत्तर मी दोन वर्षं तयार ठेवलं होतं. ते मला देता आलं नाही. "मला कळलं होतं गं," मी म्हणाले. "पुरतं नाही, पण काहीतरी कळलं होतं. आणि मी तुला गप्प बसवलं."

पलीकडं ट्रॅक्टर चालू होता आणि कुणीतरी बाई तिच्या नावानं हाका मारत होती. ती फोन ठेवेल असं मला वाटलं. ठेवला असता तर बरंच झालं असतं, मी सुटले असते.

"बोलवायलेत," ती म्हणाली. "फुडल्या रविवारी तुमी लावा फोन. मला लई सांगायचंय."