तिसऱ्या दिवसाआधीची चूल

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवायला घेतली. भीमपूरहून मयतीला आलेली आत्या आडवी आली.

"काऊन वं पोरी? तिसऱ्या दिवसापर्यंत घरात चूल पेटत नसते. लोक काय म्हंतीन?"

आमच्या घरात बुद्धवंदना होते, आत्मा मानत नाहीत, सुतक तर आजोबांनीच सोडलं होतं. पण मयत झालं की सगळ्यांना जुनं आठवतं. बाबा, मंडल ऑफिसातले, म्हणजे तहसील कचेरीतले, अटेंडर, शिपाईच म्हणा, भिंतीला टेकून बसले होते. आदल्या दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही, त्यात साखरेचा आजार. माझ्या शाळेतल्या तेलुगू शिकवणाऱ्या बाईंनी मायेनं डाळभात पाठवला, शेजारून पिठलं आलं. बाबांनी ताट सरकवून दिलं. नात्यातले एक गुरुजी त्यांना समजावत होते, सगळं अनित्य आहे, डोळे मिटून श्वास बघा, या संसाराच्या पलीकडे शांती आहे. माझं डोकंच फिरलं. माणूस उपाशी बसलाय आणि हे त्याला पलीकडचं दाखवतायत.

"लोकायले मी सांगीन, आत्या. तुमी सरका," मी म्हटलं.

आईच्या काठवटीत ज्वारीचं पीठ घेतलं, आधणाचं पाणी घातलं, मळायला लागले. थापताना हात आपोआप फिरत होता, कड दाबून घेत, अगदी तिच्यासारखा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं. तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलं आणि आतून एकदम शांत झाले. आई आहे असं मुळीच वाटलं नाही. ती गेली होती, हे पक्कं होतं. तरी त्या घडीला मला कशाचीच उणीव नव्हती. निर्वाणावरची भाषणं मी पुष्कळ ऐकलीत. माझ्या वाट्याला जे आलं ते धुरात, पदरानं नाक पुसताना आलं, आणि त्याला कमी लेखणाऱ्याशी मी आजही भांडते.

बाबांपुढे भाकरी आणि ठेचा ठेवला. त्यांनी भाकरीची कड बोटांनी चाचपली. मग त्यांनी एक घास मोडला.

"तुही माय भी अशीच जाड करे," ते म्हणाले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले. रडत रडत अख्खी भाकरी खाल्ली.

आत्या अजून प्रत्येक लग्नात सांगते, हिनं मायच्या मरणाच्या दुसऱ्याच दिवशी चूल पेटवली. सांगू दे. मी माझ्या पोरींना आताच बजावून ठेवलंय, मी गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी गॅस पेटवायचा आणि पोटभर जेवायचं.