खिरीचा पहिला चमचा

चार मराठी माणसं नाटकाला जमली की नाटक एकच होतं, कारस्थानं मात्र चार! अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात दिवाळीचं नाटक बसलं की वर्षभर पुरतील इतके किस्से जमतात. २००३ सालचं नाटक मात्र त्या सगळ्यांचा बाप.

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी, सुडाचं. एका बेटावर म्हातारा सावकार राहतो. त्याचा धर्म वेगळा, म्हणून गव्हर्नर त्याची दौलत जप्त करतो. मग सावकार एकेकाला संपवत सुटतो. मठातल्या जोगिणींना तर खिरीतून विष घालतो! मराठी मी केलं. मी सातवी शिकलेली. इंग्रजी इथल्या लायब्ररीत डिक्शनरी घेऊन, कुणाच्या बापाला न विचारता शिकले. आणि तो सावकार मलाच करायचा होता. लाजायचं काय त्यात?

*

अकरा सप्टेंबरनंतरचे दिवस, धर्म म्हटलं की कमिटीला घाम फुटायचा. एकाने हळूच सुचवलं, "सावकार आपल्या युसूफला देऊ या का? शोभेल त्याला."

शोभेल म्हणे! युसूफ सोलापूरचा, कार कंपनीत इंजिनियर, मराठी या सगळ्यांपेक्षा चोख. विमानतळावर दर वेळी बाजूला काढतात बिचाऱ्याला.

तो हसून म्हणाला, "काकू, मला गव्हर्नर द्या. एकदा तरी मी दुसऱ्याची झडती घेतो!"

*

मग सावकार कोण? मी हात वर केला.

"काकू, सावकार पुरुष आहे," आमचा अध्यक्ष शेखर म्हणाला.

"मग? शाळेत तू द्रौपदी केलीस, हे तूच सांगत फिरतोस ना?"

त्याने रोल स्वतःकडेच घेतला. वर मला म्हणतो, "तुम्ही प्रॉम्प्टिंग करा. तुम्हाला सगळं पाठ आहे."

"हो बाबा," मी म्हटलं, "सगळं पाठ आहे. लक्षात ठेव!"

तेव्हापासून तालमीला मी केलेला चहा शेखर आधी दुसऱ्याला पिऊ द्यायचा!

*

सावकाराच्या पेटीत खोटे दागिने घालायचं ठरलं होतं. पण बायकांनी आयसेलिनच्या देशी सराफांकडून आणलेले खरे हार दिले. मिरवायला! दिले खरे, पण विश्वास कुणाचा कुणावर नाही. प्रत्येकीने पहाऱ्याला नवरा पाठवला.

रंगीत तालमीला शेखर पेटी कवटाळून रडतोय, "मी एकटा! या जगात माझं कुणी नाही!" आणि मागे चार नवरे, हाताची घडी घालून, डोळे पेटीवर!

हलेचनात. शेवटी मी त्यांच्या हातात भाले दिले.

*

आता खीर. जोगिणींना संशय येऊ नये म्हणून सावकार पहिला चमचा त्यांच्यासमोर स्वतः खातो. त्याने विषाचा उतारा आधीच घेतलेला असतो ना!

तालमीत वाटी रिकामीच असायची. प्रयोगाला मी घरून शेवयांची खरी खीर करून नेली. हॉलभर वास गेला पाहिजे! विंगेत शेखरच्या हातात वाटी देताना एवढंच म्हटलं, "ही खास तुझ्यासाठी काढलीय हं!"

स्टेजवर गेला. चमचा भरला. तोंडापाशी नेला. आणि थांबला.

मी विंगेतून वाक्य दिलं, "भगिनींनो, पहिला घास माझा!" पुन्हा दिलं. शेखर वाटीकडे बघतोय, जोगिणी शेखरकडे.

मग मी स्टेजवर गेले. त्याच्या डोक्यावरची पगडी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. चमचा घेतला, वाक्य म्हटलं आणि खीर खाल्ली. टाळ्या काय पडल्या! लोकांना वाटलं, असंच बसवलंय. पुढचं सगळं नाटक मीच केलं.

मेकअप रूममध्ये शेखर घामाघूम. "काकू, खरं सांगा. काय होतं खिरीत?"

"वेलची."

"शप्पथ?" मग स्वतःचीच समजूत काढल्यासारखा म्हणाला, "तसं... तुम्हीही खाल्लीत की!"

मी पगडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

"सावकारही खातो, शेखर!"