बुडालेल्याला कर नाही

सौदीतल्या दम्मामच्या चाचांचे पैसे मी फेडले, असं माझी बायको आजही समजते. मी फेडले नाहीत. हे पहिल्यांदाच कुणाला सांगतोय.

चाचा रत्नागिरीकडचे, आमच्या कंपनीत हिशेबनीस. अमेरिकन इंजिनिअरांचे तिकडच्या आयकराचे कागदही तेच करून देत. दुसऱ्याच्या फायद्यावर बारीक नजर असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाला काही फुकट मिळालं, की चाचा चष्मा काढून विचारत, "नफा झाला ना?" कँटीनवाल्याने मला एका चहाचे पैसे सोडले, तेव्हाही विचारलं.

एकदा एका इंजिनिअरचं क्रेडिट कार्डावरचं अर्धं कर्ज त्याच्या बँकेने माफ केलं. तो खुशीत चॉकलेटं वाटत आला. चाचांनी एक घेतलं आणि चष्मा काढला.

"नफा झाला ना साहेब? उत्पन्नात दाखवा. कर लागेल."

"माझ्या हातात तर काहीच आलं नाही."

"द्यायचं होतं ते वाचलं. तेच आलं."

साहेबाचं तोंड उतरलं. मग चाचा मला म्हणाले, "सूट असते, पण मालमत्तेपेक्षा देणं जास्त असेल तर. म्हणजे खरंच बुडालेल्याला."

नव्वद साली सद्दामच्या फौजांपुढे शेजारचं कुवेत पडलं आणि तिकिटं महागली. बायको-मुलीला गावी पाठवायला चाचांनी तीन हजार रियाल दिले. लिहून देतो म्हटलं, तर म्हणाले, "कशाला? तुझं तोंड ओळखतो मी."

युद्ध सुरू झालं. हल्ल्याचा भोंगा वाजला की आम्ही गॅस मास्क चढवून टेबलाखाली. चाचा मास्क लावून खुर्चीतच. आतून घुमत आवाज यायचा, "स्कड क्षेपणास्त्र पडलं तरी कागदांची तारीख टळत नाही, बाबा."

युद्ध संपलं, चाचांचा करार संपला. ते कायमचे निघाले त्या दिवशी, त्यांनी मागायच्या आधीच मी म्हणालो, "चाचा, मी पुरता बुडालोय."

चष्मा निघाला. "गावी जागाबिगा?"

"काही नाही."

त्याच महिन्यात मी चिपळूणला बायकोच्या नावावर प्लॉट घेतला होता.

चाचा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. चष्मा लावला, बॅग उचलली.

"मग खलास. सोडले. बुडालेल्याला कर नाही."

चाचा आता नाहीत. त्यांची मुलगी रत्नागिरीत असते, घर मला माहीत आहे. मी बुडालो नव्हतो. तीन हजार रियाल देणं आहे, आणि त्या माफीवरचा करही.