रविवारी उतरणारी नदी

गुरुजी गेल्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी मोहोपाड्याच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. असलं कार्ड वाचून फाडून टाकतात. माझ्याच्याने फाडवेना... आज महिना झाला, पण खरं सांगू? रडण्यापेक्षा सांगण्याचीच घाई झाली आहे. काय माणूस होता हो!

खोपोलीच्या खाली, पाताळगंगेच्या काठावर आमचं गाव. एका खोलीची शाळा आणि गुरुजी एकटेच. पन्नास सालानंतरची गोष्ट, मी नऊ वर्षांची. भूगोलाच्या पुस्तकात होतं, कोकणातल्या नद्या उन्हाळ्यात आटतात. मी उभी राहून म्हटलं, "आमची नाय आटत." दुसऱ्या कुणी छडी उगारली असती. गुरुजींनी टाळीच वाजवली! "शाब्बास गं शांते! पुस्तक खरं की तू? चला, बघू!" बांबूवर कोयत्याने खाचा पाडून आम्ही तो नदीत रोवला आणि रोज सकाळी पाळीपाळीने पाणी मोजू लागलो. पाणी काही आटलं नाही, पण भलतंच दिसलं... दर रविवारी दोन खाचा खाली! का, म्हणून विचारलं तर गुरुजी म्हणाले, "मला काय विचारता? तुम्हाला तोंडं नाहीत? गावात विचारा." उलगडा केला माझ्या काकाने. तो मुंबईला गिरणीत होता, दर शनिवारी घरी यायचा. खोपोलीच्या वीजघरातली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाते, आणि तिथून सुटलेलं पाणी आपल्या नदीत येतं. रविवारी गिरण्या बंद, वीज कमी लागते, म्हणून पाणीही कमी. म्हणजे नदीलाही रविवारची सुट्टी! आम्ही नुसते नाचलो.

तेवढ्यात एका शनिवारी शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. त्यांनी नेमका नद्यांचा प्रश्न विचारला आणि मी मोठ्या तोंडाने नदीची सुट्टी सांगून बसले. साहेब भडकले. "पुस्तक सोडून पोरांना भाकडकथा शिकवता? उद्या रविवारच आहे, दाखवा मला. पाणी उतरलं नाही तर तुमची बदली पोलादपूरच्या डोंगरात!" इकडे गुरुजींच्या बायकोचे, आमच्या बाईंचे, दिवस भरत आलेले.

रविवारी अख्खं गाव काठावर जमलं. आणि पाणी... जिथल्या तिथे! एक खाचही उतरलेलं नाही. साहेबांनी शेरा लिहायला वही उघडली. गुरुजी मात्र आमच्याकडेच बघत होते, डोळे नुसते लकाकत होते. "मोजण्यात चूक नाही, पोरांनो. मग आज का बरं उतरलं नसेल?" मला रडूच फुटायचं, तोच आठवलं, आजी सकाळपासून काकाच्या नावाने बोटं मोडत होती. मी किंचाळलेच, "गुरुजी, काका आला नाय! गिरन्या चालू हायत आज!"

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"पुढल्या रविवारी या की! परत मोजू!" मीच म्हटलं.

आणि साहेब आले, सायकल मारत आले! काका घरी होता, पाणी दोन खाचा खाली होतं. साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून स्वतः खाचा मोजल्या. बदली टळली. त्याच आठवड्यात बाईंना मुलगी झाली.

पुढे मीही शिक्षिका झाले, आणि मी गुरुजींना कसं वाचवलं ते दरवर्षी नव्या वर्गाला तिखटमीठ लावून सांगत आले. परवा बाईंना भेटायला गेले तेव्हा त्यांनाही सांगायला लागले. त्या हसल्या.

"अगं, यांचा धाकटा भाऊ तुझ्या काकाच्याच गिरणीत होता. रविवारी गिरण्या चालू आहेत, येत नाही, असं त्याचं पत्र शुक्रवारीच आलं होतं."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, मी सांगितलं तर पोरं काय शोधतील? म्हटलं, आणि नाही सापडलं त्यांना तर? तर म्हणाले, सामान बांधून ठेव." बाई पुन्हा हसल्या. "बांधलं की गं, तसल्या अवस्थेत. तू बसली आहेस ना, तीच ट्रंक."

नऊ वर्षांच्या पोरीच्या भरवशावर त्या माणसाने आपलं अख्खं बिऱ्हाड टाकलं होतं, आणि मला जन्मभर कळूही दिलं नाही... मी चटकन उठून उभी राहिले. बाई बस बस म्हणत होत्या, पण मला त्या ट्रंकेवर बसवेना.